कमी-अधिक होणारा आजार, नाकारलेला लाभ आणि शाळेचे हजेरीपत्रक

दिव्यांगत्व म्हटले म्हणजे सामान्यतः डोळ्यांपुढे येते ते स्थिर स्वरूपाचे व्यंग होय. पोलिओने ज्याचा पाय अधू झाला, त्याचा पाय आज जसा आहे तसाच उद्याही राहणार. तपासणारा डॉक्टर सोमवारी तपासो की शनिवारी, त्याच्या निष्कर्षात फरक पडण्याचे कारण नसते. परंतु काही आजार असे आहेत की, ते देहात जन्मभर वास करतात, मात्र त्यांचा जाच रोज सारखा नसतो. आज मूल अंथरुणावर तळमळते आणि पंधरा दिवसांनी तेच मूल मैदानावर धावताना दिसते. अशा मुलास तपासणीसाठी नेले आणि तो दिवस नेमका बरा निघाला, तर दिव्यांगत्वाचे प्रमाण कमी भरते किंवा प्रमाणपत्रच नाकारले जाते; आणि त्यावर अवलंबून असलेले सर्व लाभ एकाएकी थांबतात. पालक बहुधा मोलमजुरी करणारे असतात. ‘साहेबांनी नाही म्हटले’ एवढेच त्यांस समजते व प्रकरण तेथेच संपते.

वास्तविक ते तेथे संपण्याचे कारण नाही. अशा निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि त्या अपिलास बळ देणारा एक महत्त्वाचा पुरावा प्राथमिक शाळेच्या कपाटात असतो. हा पुरावा कोणता व त्याचा उपयोग कसा करावा, हे सिकलसेल या आजाराच्या उदाहरणाने येथे सांगावयाचे आहे.

१. आजाराचे स्वरूप

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल व लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर बनतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्त कमी पडते व मूल फिकट, लवकर थकणारे दिसते. शिवाय या ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या म्हणजे त्या भागास रक्त मिळत नाही आणि हाडे, सांधे, पोट किंवा छाती यांत असह्य वेदना सुरू होतात. हा वेदनेचा प्रसंग काही तास टिकतो, तर कधी कित्येक दिवस. तो ओसरला म्हणजे मूल पुन्हा पूर्ववत दिसू लागते.

या आजाराचे शास्त्रीय वर्णन प्रथम १९१० मध्ये शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी केले. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागातील आदिवासींमध्ये आढळला. पुढे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा इत्यादी राज्यांतील अनेक समाजांत तो असल्याचे दिसून आले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला असून, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. देवळा तालुका हा कळवण व बागलाण या मोठी आदिवासी वस्ती असलेल्या तालुक्यांस लागून आहे. येथील शाळांतूनही या आजाराची मुले असू शकतात, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. हा आजार एखाद्या विशिष्ट जातीजमातीचाच आहे, अशी समजूत मात्र चुकीची होय.

वेदनेचा प्रसंग ओढवण्यास काही कारणे निमित्त होतात: थंडी, अंगातील पाणी कमी होणे, अति श्रम, ताप व जंतुसंसर्ग. देवळा तालुक्यात कांद्याची लागण ऐन हिवाळ्यात चालते. पहाटेच्या गारठ्यात आईबापांबरोबर शेतावर गेलेले, ओल्या वाफ्यात उभे राहिलेले किंवा गिरणेच्या थंड पाण्यात डुंबलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, याचे कारण पुष्कळदा यातच सापडते. उलट, उबदार कपडे, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी सुरू केलेले हायड्रॉक्सियुरिया हे औषध यांमुळे असे प्रसंग कमी होतात.

येथेच खरी अडचण उद्भवते. औषधोपचार व काळजी यांमुळे मुलाची प्रकृती सुधारते. परंतु रक्तातील मूळ दोष जसाच्या तसा राहतो. औषध बंद पडले, थंडी वाढली किंवा ताप आला की वेदना परत येऊ शकते. सुधारणा म्हणजे रोगमुक्ती नव्हे. हा भेद ओळखला गेला नाही, तर मुलाची नीट काळजी घेणाऱ्या कुटुंबालाच लाभास मुकावे लागते.

२. कायद्याची भूमिका

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात अपंगत्वाचे सातच प्रकार मानलेले होते व त्यांत रक्ताच्या आजारांस स्थान नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने प्रकारांची संख्या २१ वर नेली आणि सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया या तीन रक्तविकारांचा त्यांत समावेश केला. मल्टिपल स्क्लेरॉसिस व मानसिक आजार हे कमी-अधिक होणारे विकारही या यादीत आहेत. याचा अर्थ असा की, ज्या आजारात बरे व वाईट दिवस येतात, असा आजारही दिव्यांगत्व ठरू शकतो, हे कायद्याने मान्य केलेले आहे. अधिनियमाच्या व्याख्येत भर आहे तो दीर्घकालीन दुर्बलतेवर; ती प्रत्येक दिवशी सारखीच दिसली पाहिजे, असे तेथे म्हटलेले नाही.

या अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांतही हेच तत्त्व दिसून येते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणात कालांतराने बदल होण्याचा संभव नसेल, तेथे कायमचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. बदलाचा संभव असेल, तेथे प्रमाणपत्राची मुदत नमूद करावयाची असते. म्हणजे बदल हे नकाराचे आपोआप कारण होत नाही. बदलासाठी मुदतीच्या प्रमाणपत्राची सोय नियमांतच आहे. तसेच, अर्जदार प्रमाणपत्रास अपात्र ठरल्यास त्याची कारणे त्यास लेखी कळवावी लागतात.

दिव्यांगत्वाचे प्रमाण ठरविण्याची पद्धत केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत दिलेली आहे. या सूचना ४ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध झाल्या व मार्च २०२४ मध्ये त्यांत सुधारणा झाली. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के प्रमाण आवश्यक असते. ते ठरविणे हे सर्वस्वी वैद्यकीय अधिकाऱ्यांचे काम असून शाळेने त्यात पडावयाचे नाही. तथापि निर्णय मान्य नसल्यास अधिनियमाच्या कलम ५९ अन्वये, राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे विहित मुदतीत अपील करता येते.

३. नकार कोठून आला?

अपिलाचा विचार करण्यापूर्वी नकार कोणी दिला हे पाहिले पाहिजे; कारण नकाराचे दोन प्रकार आहेत व त्यांचे मार्ग भिन्न आहेत.

पहिला प्रकार वैद्यकीय नकाराचा. येथे प्रमाणपत्रच मिळत नाही, किंवा प्रमाण ४० टक्क्यांहून कमी दाखविले जाते. याविरुद्ध कलम ५९ खालील अपील हा मार्ग आहे.

दुसरा प्रकार योजनेतील नकाराचा. प्रमाणपत्र हाती असते, परंतु उत्पन्नाचा दाखला, वय, रहिवास किंवा प्रमाणपत्राची संपलेली मुदत यांसारख्या कारणावरून लाभ नाकारला जातो. उदाहरणार्थ, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज तहसील कार्यालयात जातात. या योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक साहाय्य २०२५ मध्ये १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबास ही रक्कम लहान नाही. अशा नकाराबाबत त्याच कार्यालयास लेखी कारण विचारावे व वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे दाद मागावी. येथे वैद्यकीय अपील करून उपयोग होत नाही.

पुष्कळदा नकाराचे मूळ कागदपत्रांतील उणिवेत असते. सिकलसेलच्या बाबतीत एक उणीव वारंवार घडण्यासारखी आहे. प्राथमिक विद्राव्यता चाचणीवरून केवळ दोषाचा संशय घेता येतो. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण आहे, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. या तपासणीने ठरते. वाहकास एकाच पालकाकडून दोष आलेला असतो व त्यास सामान्यतः त्रास होत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. निश्चित निदानाचा अहवाल अर्जास जोडलेला नसेल, तर अपिलापूर्वी तो मिळविणे अगत्याचे आहे.

४. शाळेजवळचा पुरावा

वैद्यकीय मंडळ मुलास एक दिवस पाहते; शाळा त्यास वर्षातील दोनशेंहून अधिक दिवस पाहते. कमी-अधिक होणाऱ्या आजारात नेमकी याच माहितीची उणीव भासत असते. समजा, चौथीत शिकणाऱ्या एका मुलीची तपासणी फेब्रुवारीत झाली. त्या दिवशी तिला वेदना नव्हती, ताप नव्हता व ती आपल्या पायांनी चालत आली होती. आता हजेरीपत्रकातील आजारपणाचे दिवस पाहावे: जुलै ३, ऑगस्ट ०, सप्टेंबर ६, ऑक्टोबर ०, नोव्हेंबर २, डिसेंबर ९, जानेवारी ७, फेब्रुवारी ०. एकूण २७ दिवसांपैकी १६ दिवस केवळ डिसेंबर व जानेवारी या दोन महिन्यांतील आहेत. फेब्रुवारीतील तपासणी खोटी नव्हती. ती अपुरी होती. तपासणाऱ्याने जे पाहिले ते खरेच होते, परंतु वर्षाचे चित्र त्याच्यापुढे आलेच नव्हते.

मात्र नुसत्या गैरहजेरीच्या खुणेवरून काहीच सिद्ध होत नाही. मूल आजारी होते, की कांद्याच्या कामास गेले होते, की गावाच्या यात्रेस, हे त्या खुणेवरून कळत नाही. म्हणून असा विद्यार्थी वर्गात असल्याचे पालकांनी कळविताच वर्गशिक्षकांनी एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. तीत पुढील बाबी त्याच दिवशी लिहाव्यात:

(अ) गैरहजेरीची तारीख व पालकांनी सांगितलेले कारण.
(आ) शाळेत असताना वेदना, ताप, धाप किंवा थकवा आल्यास त्याची वेळ व स्वरूप.
(इ) मुलास लवकर घरी किंवा दवाखान्यात पाठविले असल्यास त्याची नोंद.
(ई) खेळ, कवायत, परीक्षा किंवा सहल यांत भाग घेता आला नाही असे प्रसंग.
(उ) परत आल्यावर पूर्ववत होण्यास लागलेले दिवस.
(ऊ) चांगले दिवसही. ते वगळू नयेत.

शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. ज्या नोंदीत केवळ दुखणेच दुखणे आहे, ती वाचणाऱ्यास अतिशयोक्त वाटते. जीत बरे व वाईट असे दोन्ही दिवस प्रामाणिकपणे मांडले आहेत, तीवरून आजाराचे चढउताराचे स्वरूप आपोआप स्पष्ट होते.

५. दाखल्याचा नमुना

पालकांनी लेखी मागणी केल्यास मुख्याध्यापकांनी पुढील धर्तीवर दाखला द्यावा:

“दाखला देण्यात येतो की, कुमारी ......... ही या शाळेत इयत्ता ......... मध्ये शिकत आहे. दिनांक ......... ते दिनांक ......... या काळात शाळा एकूण ......... दिवस भरली. त्यांपैकी ......... दिवस ती गैरहजर होती व त्यांतील ......... दिवसांचे कारण पालकांनी आजारपण असे कळविलेले आहे. महिनावार तपशील सोबत जोडला आहे. शाळेत असताना दिनांक ......... रोजी तिला वेदना होऊ लागल्याने घरी अथवा दवाखान्यात पाठविण्यात आले. इतर दिवशी तिची उपस्थिती व वर्गातील सहभाग नियमित आहे. सदर दाखला शाळेच्या अभिलेखावरून व पालकांच्या विनंतीवरून देण्यात येत आहे.”

दाखल्यात शाळेने जे पाहिले व नोंदले तेवढेच असावे. ‘ही विद्यार्थिनी ४० टक्के दिव्यांग आहे’ किंवा ‘हिला प्रमाणपत्र मिळावे’ असे लिहू नये. निदान करणे हा शिक्षकांचा अधिकार नव्हे, आणि शिफारशीच्या भाषेने दाखल्याचे वजन वाढण्याऐवजी घटते.

६. अपिलाचा अर्ज

अर्ज पालकांच्या नावाने करावयाचा असतो. ज्या पालकांना लिहिता येत नाही, त्यांस शिक्षकांनी लेखनसाहाय्य करावे. ही कामे पुढील क्रमाने केल्यास सोयीचे होते.

प्रथम, नकाराचे लेखी पत्र मागावे. ते मिळत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करता येतो व त्यास सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मात्र त्यासाठी अपिलाची मुदत दवडू नये. अपील कोणाकडे व किती दिवसांत करावयाचे, याची चौकशी नकार देणाऱ्या रुग्णालयातच त्याच भेटीत करून ठेवावी.

दुसरे, कागद जमवावेत: निश्चित निदानाचा अहवाल, रुग्णालयात दाखल झाल्याची व घरी सोडल्याची कार्डे, रक्त दिले असल्यास त्याच्या नोंदी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा ग्रामीण रुग्णालयातील बाह्यरुग्ण चिठ्ठ्या, सुरू असलेल्या औषधांची यादी, जुने प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत, आणि शाळेचा दाखला. हे सर्व तारखेच्या क्रमाने लावावे. रुग्णालयातील कार्डावरील तारीख आणि शाळेच्या नोंदीतील तारीख यांचा मेळ बसला म्हणजे दोन्ही कागद एकमेकांस बळकटी देतात.

तिसरे, अर्ज थोडक्यात लिहावा. निर्णय कोणत्या तारखेचा आहे व तो का मान्य नाही, हे पहिल्या परिच्छेदात यावे. आजार कमी-अधिक होणारा असून तपासणीच्या दिवशी प्रकृती बरी होती, हे दुसऱ्यात मोकळेपणाने मान्य करावे. ते लपविण्याची आवश्यकता नाही. मागील बारा महिन्यांतील वेदनेचे प्रसंग, रुग्णालयातील दिवस व शाळा बुडाल्याचे दिवस यांचा हिशेब तिसऱ्यात द्यावा. सुधारणा औषधामुळे आहे, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मत असल्यास त्यांचे पत्र जोडावे. शेवटी, संपूर्ण वर्षाच्या नोंदी पाहून फेरतपासणी करावी व बदलाचा संभव वाटल्यास मुदतीचे प्रमाणपत्र द्यावे, अशी स्पष्ट मागणी असावी.

चौथे, अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवून तीवर पोहोच घ्यावी. फेरतपासणीस जाताना मूळ कागद न्यावेत, परंतु ते तेथे सोडून येऊ नये.

याउपर दाद न मिळाल्यास पुणे येथील दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. तसेच विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये दिव्यांग व्यक्ती, स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांस मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

७. काही दक्षता

नोंदी मागाहून रचू नयेत. अपिलाची वेळ आली म्हणून जुन्या तारखा घालून वही भरणे हा अपराध तर आहेच, शिवाय त्यामुळे खऱ्या रुग्णाचेही प्रकरण बिघडते. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्यास किंवा तसा प्रयत्न करणाऱ्यास २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितलेल्या आहेत.

मुलाच्या आजाराची वाच्यता वर्गात होऊ देऊ नये. आनुवंशिक आजाराचे नाव गावात पसरले म्हणजे पुढे विवाहाच्या वेळी कुटुंबास त्याचा उपद्रव होतो, ही भीती पालकांच्या मनात असते व ती निराधार नाही. नोंदवही मुख्याध्यापकांच्या ताब्यात असावी आणि दाखला केवळ पालकांच्याच हाती द्यावा.

मुदतीचे प्रमाणपत्र असल्यास मुदत संपण्यापूर्वी तीन-चार महिने पालकांस आठवण द्यावी. मुदत उलटून गेल्यावर लाभ थांबतो व तो पुन्हा सुरू होण्यास वेळ लागतो.

८. निकाल काहीही लागो

सर्वच अपिले मान्य होतील असे नाही. वर्षभराच्या नोंदी पाहूनही प्रमाण ४० टक्क्यांहून कमी भरले, तर विशिष्ट आर्थिक लाभ मिळणार नाहीत. हे पालकांस आधीच समजावून सांगणे योग्य. परंतु शाळेने द्यावयाच्या साऱ्याच सोयी त्या टक्केवारीवर अवलंबून नाहीत. हिवाळ्यात परिपाठाच्या वेळी मुलास उघड्यावर ताटकळत उभे न करणे, पाणी पिण्यास व लघवीस मोकळीक देणे, कवायतीत थकल्यास बसू देणे, बुडालेला अभ्यास भरून देणे, वेदनेमुळे चुकलेली चाचणी दुसऱ्या दिवशी घेणे, आणि ताप आल्यास वेळ न घालविता डॉक्टरांकडे पाठविणे, यांतील एकाही गोष्टीस प्रमाणपत्र लागत नाही.

या सोयींमुळे मुलाची प्रकृती सुधारेल व हजेरी वाढेल. मग पुढील तपासणीच्या वेळी ती वाढलेली हजेरीच मुलाच्या विरुद्ध जाईल की काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर नोंदवहीतच आहे. ज्या वहीत मुलाचे बरे दिवस आहेत, त्याच वहीत ते कोणत्या काळजीमुळे आले हेही लिहिलेले असावे: सकाळच्या गारठ्यात मुलास वर्गात बसविले, कवायतीतून सूट दिली, औषध चालू होते. काळजी काढून घेतली तर काय घडते, हे मागील वर्षाच्या नोंदी सांगतील. म्हणून दरवर्षी जून महिन्यात, नवे हजेरीपत्रक आखताना, अशा विद्यार्थ्यांच्या पालकांशी बोलून नोंदवहीचे पहिले पान उघडावे आणि मूल पुढच्या वर्गात गेले म्हणजे ती वही नव्या वर्गशिक्षकांच्या स्वाधीन करावी.